बाद

नाशिकरोडच्या छापखान्यात एकतीस वर्षं
मी नोटांमधले दोष शोधले.
शाई फुटलेली, तार सरकलेली, आकडा एका पायाने लंगडा,
की मारला शिक्का: बाद.
निवृत्तीचा नारळ मला मिळाला, डोळ्यांना नाही.
म्हणून दर शुक्रवारी मी आणि उगले,
बिटकोवरून शालिमार, शालिमारवरून पुढे,
नव्या पिक्चरच्या पहिल्या खेळाला.

परवाचा दोनशे कोटींचा होता.
हिरो दुबईत.
म्हणजे गॉगल दुबईत, उंट दुबईत,
मागचा डोंगर मात्र पांडवलेण्यांचा.
त्या पायऱ्यांवर माझे गुडघे गेलेत, मी ओळखणार नाही?
व्हिलनने शेखाची गाडी उडवली.
हवेत तीन कोलांट्या, तिसरीला
नंबरप्लेट आमच्याकडे वळली:
एमएच पंधरा.
मी उभा राहून टाळी वाजवली.
उगले दचकून जागा झाला, म्हणाला,
"मध्यंतर?"

मग बर्फात गाणं.
हिरॉइनला थंडी वाजत नव्हती, आम्हाला वाजत होती,
एसी फुल आणि माणसं नऊ.
शेवटी हिरोचे वडील गोळी खाऊन मरतात,
पण आधी जमिनीचा वाद, आईचं वचन,
जुळ्या भावाचा पत्ता, सगळं नीट सांगून.
आमचे कापडणीस साहेब टेबलावरच गेले
तेव्हा नुसतं "अरे, ते—" म्हणाले होते.
ते म्हणजे काय,
सेक्शनमध्ये अजून कोणाला कळलेलं नाही.

रात्रीचा कारभार वेगळा.
नातवाने टीव्हीत एक अ‍ॅप घालून दिलंय,
महिना एकोणपन्नास रुपयांत
जगभरातले न चाललेले पिक्चर.
खाली खाली जात राहायचं, अंगठा दुखेपर्यंत.
तिथे एक फ्रीज आहे, माणसं खातो,
फक्त भाजी नीट न निवडणारी.
तिथे एक इन्स्पेक्टर आहे, त्याचा खून झालाय
आणि तपास त्याच्याकडेच आहे.
खाली मराठी अक्षरं येतात, मशीनने लावलेली.
नायिका रडत रडत म्हणते,
"प्रिय बटाट्या, मला सोडू नकोस, मी जकात नाका आहे."
एकतीस वर्षांत इतका सुंदर छपाईदोष
माझ्या हाताखालून गेला नव्हता.

आणि मंगळवारी तो मेंढपाळाचा लागला.
कुठल्यातरी डोंगराळ देशातला, नाव वाचता येईना.
म्हातारा मेंढ्या मोजतो. संध्याकाळी परत मोजतो.
एवढंच. एक तास चाळीस मिनिटं.
त्यात अक्षरं मागे पडलेली:
म्हातारा बोलून निघून जायचा, दार लागायचं,
आणि रिकाम्या खोलीवर
त्याचं वाक्य उमटायचं,
"दूध झाकून ठेव."
मी शिक्का उचललाच होता, मनातल्या मनात.
पण मग कापडणीस साहेब आठवले.
वाटलं, त्यांचंही खाली कुठेतरी येत असेल,
आपणच उठून गेलो असू लवकर.

बायको पाणी प्यायला उठली.
"काय चाललंय यात?"
"काही नाही."
"मग बघताय कशाला?"
आणि भांडं हातात घेऊन खुर्चीच्या कडेवर टेकली,
जाण्याच्या बेतात.
अर्ध्या तासाने म्हणाली,
"काल बावीस होत्या. ती कान फाटलेली कुठेय?"
मी म्हटलं, येईल, अक्षरं उशिरा येतात.
"मेंढी म्हणतेय मी," ती म्हणाली.

चुकीची छापलेली एखादी नोट
कधी नजरेतून निसटून बाहेर जाते.
शौकीन लोक म्हणे तिला दहापट मोजतात.

शुक्रवारी शेअर रिक्षात मी उगलेला
सगळी गोष्ट सांगितली. म्हणजे मेंढ्या सांगितल्या.
तो बराच वेळ गप्प. द्वारका सर्कलला सिग्नल लागला.
मग गंभीरपणे त्याने विचारलं,
"मध्यंतर होतं का त्यात?"