पाण्याची रात्र

ठाण्यात माझं काम लिहायचं.
सत्तावीस वर्षं लिहितोय :
कुठं, किती वाजता, काय गेलं.
कुणी नेलं, ते बहुतेक कोरंच राहतं.

परवा जुनी रजिस्टरं रद्दीला काढली.
बाहेर चव्वेचाळीस डिग्री, म्हणून चाळत बसलो.
बंद कारखान्यामागच्या त्या एका गल्लीचं नाव
पानोपानी.
सायकल. पंपाची मोटर. वाळत घातलेल्या चार चादरी.
नरसम्मा येमूलची बोरमाळ,
आणि एकदा तिचं सूपच, वळलेल्या विड्यांसकट.

साहेब म्हणतात, वस्तीच तसली.
मीही तेच लिहीत आलो, संशयित : वस्तीतील.
नाव नसलं तरी भागतं,
पत्ता पाहिजे.

मग दिसलं, दर पाचव्या तारखेला
गल्लीचं नावच नाही.
एक आठवडा नव्हे, अख्खा उन्हाळा.
वाटलं, माझीच सुटी असेल.
घरी आलो तर बायको घागरी मांडत होती.
"आज त्या गल्लीचा आन् आपला नंबर, दोनला सुटंल."

दोनला मुद्दाम तिकडं गेलो.
दारं सताड. वायर ओढून बाहेर टांगलेले बल्ब.
नरसम्मा पायरीवर तेंदूची पानं कातरत
तेलुगूत कुणाच्या तरी सासूचा उद्धार करत होती.
हंड्यावरून भांडण, पाइपावरून भांडण,
एक म्हातारा नुसताच खुर्ची टाकून.
आणि दशरथ, ज्याला मी चारदा उचलून आणलाय,
दुसऱ्याच्या टाकीवर चढून कॉक फिरवत होता.
मला बघून दचकला.
मग म्हणाला, "पाणी पिता का, हवालदार?"

उरलेल्या चार रात्री मला माहीत आहेत.
खांब नंबर सतरा, दिवा नाही.
कारखान्याची भिंत, जिथं पूर्वी
साडेबाराला पाळी सुटायची
आणि राजय्याची चहाची गाडी पहाटेपर्यंत उभी असायची.
पाळी गेली. गाडी गेली.
भिंत तेवढी राहिली, माणूसभर उंच, अंधाराला टेकायला.

साहेबांना म्हटलं, तिथं एक दिवा तरी.
"आपण पोलीस का वायरमन, बे?"
हसले. मीही हसलो, नोकरी आहे.

आज पेपरात आलंय,
आता पाणी पाच दिवसांआड.
म्हणजे एक रात्र वाढली.

नवीन रजिस्टरला रेघा मारतोय.
'काय गेलं' हा रकाना
जरा रुंद ठेवतो.