कुकर राहिलाय

कॅम्पात, शिवाजी मार्केटमध्ये, सकाळी सहाला
मुनाफभाई माझा थर्मास भरून देतात.
क्षारांचं गार पाणी मी घरून नेलेलं,
त्यात बोकडाची धमनी, बोटाएवढी, पांढरट, रबरी.
"पैसे नकोत. पोरांच्या अभ्यासाला जाते ना."
अठरा वर्षांत पोरं बदलली. थर्मासचं झाकण दोनदा.

झेड ब्रिजवरून स्कूटर. मग एरंडवणं, कॉलेज, मागचा जिना.
चरबी सोलायची. कात्रीने कडी कापायची,
दोन मिलिमीटर, जास्त नाही,
आणि दोन तारांवर टांगायची सदतीस अंशांच्या पाण्यात.
बुडबुडे सुरू झाले की ती आळस दिल्यासारखी सैलावते.
अजून कुणाचीतरी असल्यासारखी.

हे दंडाचे स्नायू नव्हेत, पट्ट्यापट्ट्यांचे, हुकमाचे ताबेदार.
हे मृदू. टोकांना निमुळत्या पेशी,
आतडी, गर्भाशय, डोळ्याची बाहुली
आपल्याला न विचारता चालवणाऱ्या.

आज बुधवार.
कडीभोवतीचं कॅल्शियम मी तोडते.
धुते, परत धुते, उरलंसुरलं धरून ठेवणारं औषध घालते.
बाहेर आता काही नाही.
मग नॉरॲड्रेनलीनचा एक थेंब.

रेघ वर चढते.

दरवर्षी कुणीतरी विचारतंच, यंदा ती लातूरची पुनर्वसू:
"मॅडम, बाहेर नाही, तर आलं कुठून?"

हॉस्टेलवर राहतेस ना?
उद्या गुरुवार, पाणी नाही.
सकाळी तोंड कशाने धुशील?

आत साठा असतो. जाळीदार पोकळ्या, पडद्याच्या अगदी लगत.
पंप रात्रंदिवस भरत असतो,
दोन कण आत, शक्तीचं एक नाणं खर्च.
थेंब बाहेरच्या दाराशी थांबतो, निरोप तेवढा आत जातो,
आणि तोट्या सुटतात.

धुऊन दुसरा थेंब.
रेघ सपाट.
नळातून नुसती हवा येते, तसं काहीतरी
वर्गातल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर.

एक गोष्ट परीक्षेला येत नाही म्हणून राहून जाते.
साठ्यातलं ठिणगीएवढंच सांडलं, पडद्याजवळ, एका जागी,
तर धमनी आवळत नाही. उलट सैल पडते.
तेच कॅल्शियम. किती, आणि कुठे, एवढाच फरक.
मुनाफभाईंना सांगितलं तर सुरी पुसत म्हणाले,
"रागाचं तसंच आहे बाई. रोज थोडा काढला तर माणूस बरा राहतो."
मग खिशातून प्रेशरच्या गोळ्यांची पट्टी काढली.
"ही काय करते?"
बाहेरच्या दाराला कडी लावते, मी म्हटलं.
"आणि आतलं?"
आतल्याला ती हात लावत नाही.
त्यांनी पट्टी परत ठेवली, वरून दोनदा थापटली.

पुनर्वसू अजून सपाट रेघेकडे बघतेय.
"मेली का?"
नाही गं.
रिकामी पोकळी गप्प बसत नाही.
तिच्यातलं काहीतरी सरकत सरकत बाहेरच्या भिंतीशी जातं
आणि आतून दार ढकलतं.
बाहेर काही असलं पाहिजे, बस.

मी कॅल्शियमचं पाणी परत सोडते.
दहा मिनिटं लागतील. पोरं मोबाइल काढतात.
मीही घरी फोन लावते.
विद्याधर, भरलं का सगळं?
पिंप झालं, म्हणतो, बादल्या झाल्या,
कुकर राहिलाय.