पंच

माझं दुकान खानापूर ठाण्याच्या समोर,
म्हणून मी पंच.
दुसरी काही पात्रता नाही.
हवालदार मठपती रस्त्यापलीकडून हात करतो,
मी गळ्यातली टेप खुंटीला लावतो
आणि जीपमध्ये मागं बसतो.

पहिला पास्कू सोज.
दर शनिवारी टेम्पो भरून माणसं न्यायचा
चोर्ल्याच्या घाटातून, मांडवीतल्या बोटीवर,
आणि हरलेल्यांना परतीच्या वळणावरच उसने द्यायचा,
उतारा ठेवून घेऊन.
बंद पडलेल्या कौलांच्या भट्टीत सापडला.
तोंडावर एक कौल झाकलेलं,
कारखान्याचा शिक्का वर, सरळ वाचता येईल असा.
‘इल्ली सही माडरी.’
पंचनामा कानडीत. मला अक्षरं येत नाहीत,
आकडे येतात, बसच्या पाटीवरून शिकलेले.
अकरा लिहिलं होतं.
मी मोजले. अकराच होते.
मराठीत सही केली, खाली तारीख.

परत येतो तो दुकानाच्या पायरीवर माणसं.
कुणी मारला, हे कोण विचारतंय.
‘किती वार, पिसे?’
अकरा. एक नि एक, दुर्री.
रात्री क्लोज आला दुर्री.
जांबोटीपासून नंदगडपर्यंत उधाऱ्या फिटल्या.
लोक म्हणाले, मेला खरं गाव तारून गेला.

दुसरा रुद्राप्पा, पहिला ज्यानं केला म्हणतात तो.
कणकुंबीला, मलप्रभा उगवते त्याच्या वरच्या अंगाला,
गाडीचं दार उघडं, रेडिओ चालू.
अंगात मी शिवलेली सफारी.
छाती बेचाळीस, पोट चव्वेचाळीस,
पोट दिसू नये म्हणून दोन बोटं ढिली घेतलेली.
गोळ्या तीन.
लोकांनी गोळ्याही लावल्या, गाडीचा नंबरही लावला.
एकानं मला चहा पाजून विचारलं,
हातातलं घड्याळ किती वाजता थांबलं होतं?
चालू होतं, म्हटलं.
तो चहाचे पैसे न देताच उठला.

तिसरा ओमाण्णा. एकोणीस वर्षांचा.
माझ्याच भिंतीला टेकून चिठ्ठ्या लिहायचा
वहीच्या चतकोर पानांवर,
अक्षर वळणदार, मास्तरांनी पाठ थोपटावी असं.
कुणाचे पैसे कुणाला पोचले नाहीत,
की पोचले आणि कुणी दुसऱ्यांदा मागितले,
हे पंचनाम्यात येत नाही.
रेल्वे फाटकापलीकडं, भाताच्या खळ्यात.
निळा चौकड्याचा शर्ट, गणपतीला शिवलेला.
खिशाची रेघ छातीच्या रेघेवर बसावी म्हणून
मी अर्धा दिवस घातला होता त्याच्यावर.
भोकं चार. एक खिशातून गेलेलं.
रेघ अजून जुळत होती.

पायरीवर माणसं.
‘किती?’
मी म्हटलं, सात.
का सात, ते मला सांगता यायचं नाही.
चार कुणाला द्यायचे नव्हते, एवढंच.
बुडू देत एकदा सगळी.

रात्री क्लोज आला. सत्ता.

सकाळी मशीनच्या पायडलाखाली पाकीट,
वर नारळ. नाव कुणाचंच नाही.
मठपतीनं चार लावले होते.
‘खोटा पंच,’ म्हणाला,
आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

बाराव्या दिवसानंतर द्रौपदा आली, ओमाण्णाची आई.
पायरी चढली नाही.
शर्ट ठाण्यात हाय म्हणतात, माघारी देतील काय?
धाकट्याला हुईल.
मी म्हटलं, माप वहीत हाय, नवा शिवतो,
पैसे नकोत.
नवा नको, म्हणाली.
त्याची रेघ चांगली जुळलीया.

मग पदराची गाठ सोडून
शिलाईचे राहिलेले पैसे तिनं कापडावर ठेवले.
मी मोजले नाहीत.