कमी वापरलेली

सदरला, मुर्तझाभाईंच्या दुकानात
कूलरच्या वाऱ्याने फडफडतोय
बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याचा कोपरा.
मुर्तझाभाईंनी त्यावर एक रिकामं काडतूस ठेवलं,
पेपरवेट म्हणून.

दुनाळी, बारा बोअर. तेरा महिने इथेच जमा,
महिन्याचं भाडं दोनशे, पावतीसकट.
त्यांच्या मुलाने तिला निळ्या सतरंजीवर आडवी निजवून
फोटो काढला, मोबाइलवर टाकला,
आणि खाली लिहिलं: कमी वापरलेली.

तुमसरहून फोन आला.
देवलाल कटरे, मागच्या साली फौजेतून सुटलेले.
परवाना नवा कोरा, बंदूक नाही;
आणि बंदूक नाही तर कॅश व्हॅनवर नोकरी नाही.
पैसे त्यांनी बोटाने पाठवले, अर्ध्या मिनिटात.
बंदूक बोटाने जात नाही.
ती जाईल या वहीतून त्या वहीत,
या दुकानातून भंडाऱ्याच्या दुकानात,
नळीवरचा नंबर, कागदावरचा नंबर
भिंगाखाली जुळवून,
बाजारातून बैल नेतात तशी, दाखल्यासकट.

"किती फैरी झाल्या असतील?" कटरेंनी विचारलं.
मुर्तझाभाईंनी फोन माझ्या हातात दिला.

एकोणतीस वर्षं ती बँकेच्या दाराशी होती
बाबांच्या उजव्या खांद्याला लटकून.
खांदा दोन बोटं खाली आला.
पट्टा तीनदा बदलला.
दस्त्यावर तळहाताने पाडलेला
एक गुळगुळीत, काळपट डाग.
याला वापर म्हणतात का, मला माहीत नाही.

दसऱ्याला गल्लीतले लोक हटकायचे,
"गजभिये, बंदुकीची पूजा नाही करत का जी?"
बाबा पांढरा शर्ट घालून
दीक्षाभूमीकडे निघालेले असत.
"तिले आज सुट्टी हाय," म्हणायचे.

काडतुसं दहा. दरवर्षी मोजून दाखवायची.
वही सांगते, एका वर्षी नऊ.

त्या वर्षी बँक बुडाली.
शटरसमोर अख्खं इंदोरा,
पासबुकं वर धरलेले हात,
त्यात एक हात आईचा.
मॅनेजर आतून म्हणाला, काढ एक हवेत.
बाबा आडोशाला गेले, बंदूक मोडली,
दोन्ही काडतुसं काढून
जेवणाच्या डब्यात टाकली, भाजीच्या खणात,
आणि मोकळी बंदूक खांद्याला लावून
संध्याकाळपर्यंत उभे राहिले, तेवढेच ताठ.
कुणाला कळलं नाही.
आईला कळलं, रात्री डबा घासताना.
एकच निघालं.
दुसरं गर्दीत पडलं, नालीत गेलं, कोण जाणे.
सकाळी ते आपल्या पायाने जरीपटका ठाण्यात गेले,
हरवल्याची तक्रार लिहून दिली.
चार तास बसवून ठेवलं.
उभ्या आयुष्यात पोलिसांच्या कागदावर
त्यांचं नाव तेवढंच.

"एकही नाही," मी म्हटलं.
तिकडे थोडा वेळ शांत. मग,
"एकही नाही? मग चालते का नाही, हे कसं कळंल जी?"

मुर्तझाभाई हसले नाहीत.
त्यांनी बंदूक मोडली, दाराच्या उजेडाकडे धरली,
मला म्हणाले, बघा.
दोन लांब, तेलकट बोगदे,
आणि टोकाला रस्त्यावरचा एक रसवंतीवाला,
दोनदा.

तीन ठिकाणी सही. मयताशी नातं: मुलगी.
विक्रीचं कारण, या रकान्यापाशी पेन थांबलं.
"खाली सोडा," मुर्तझाभाई म्हणाले, "सगळे सोडतात."
मी लिहिलं, घरी कुणी उभं राहत नाही.
आता वाचते तर अर्थ लागत नाही,
पण शिक्का बसलाय.

पट्टा मागितला. तो परवान्यावर नाही.
मुर्तझाभाईंनी बक्कल सोडवून दिला,
घामाने कडक झालेला, मधेच वळलेला.

बाहेर सेहेचाळीस डिग्री.
पट्टा पर्समध्ये मावेना,
खांद्यावर टाकला.
डाव्या. मुद्दाम.