गट ड, सोहार

धुलाईखोलीत हुर्जुकचाचा
पावतीच्या पाठीवर गणित मांडतात:
ताश्कंदला बरोबरी,
दोहावाल्यांना घरी दोन गोलांनी,
आणि इस्फहानने कुठेतरी हरायला हवं.
"हरतील. का नाही हरणार?"

मशीन फिरतंय.
हिरव्या शर्टांच्या बाह्या एकमेकींत अडकलेल्या.
नऊ नंबरच्या चड्डीला गवताचा डाग नाही,
म्हणजे पोरगा पडत नाहीये,
म्हणजे घुसतच नाहीये.
हे कोचला कोण सांगणार?

बाहेर रात्री दहालाही घाम.
चाचा लोकरी बनियन काढतात
ताश्कंदसाठी, मोजून तेवीस.
नऊ नंबरचं सगळ्यांत वर.

पावती खिशातच राहिली,
सकाळी धुऊन निघाली.
शाई विरली, बेरीज तेवढी वाचता येते:
सात.
सातावर कोणी पुढे गेलंय का?

एकदा गेलं होतं म्हणे.