डावं-उजवं

मार्चात आलं ते यंत्र. सरोवर अजून गोठलेलं,
टेकडीवर मनोऱ्याचे लाल दिवे,
ट्रकवाला चढ चढायला तयार नाही,
म्हणून रेइनो कांगस आणि मी
खोकी ओढत आणली बर्फावरून, मेलेल्या हरणासारखी.

आत तीन राखाडी पेट्या:
स्टीरिओ जनरेटर, कॉम्प्रेसर,
आणि एक, जिचं नाव मॅनेजरला
शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही.

रेइनोचा डावा कान लोखंडाच्या खाणीतल्या
सुरुंगाने नेलेला, साठ साली.
ह्या कानाने ऐकून
त्या कानाने सोडून द्यायची सोय
त्याला नव्हतीच.
तरी डुलूथमध्ये स्टीरिओ आणायचं काम त्याच्याकडे.

पाकिटाच्या पाठीवर त्याने मला शिकवलं:
डावं अधिक उजवं, ही बेरीज.
ती डावं-उजवं करत नाही.
ज्याच्या घरी एकच भोंगा,
ज्याचा सेट लग्नात आलेला, त्याचीही ती.
मग डावं वजा उजवं.
ही वजाबाकी वरच्या लहरीवर बसवायची,
दाबून, आवळून, खरखरीत हरवू नये म्हणून,
हातचा ठेवतात तशी.
ज्याचा सेट नवा, तो घरी गणित सोडवेल.

"आणि पायलट?"
पंधरा हजार सातशे चौतीस, तो म्हणाला.
बारीक शिट्टी. ती नुसती म्हणत राहते,
हातचा आहे, विसरू नका.

गुरुवारी रात्री दहाच्या बातम्यांना सुरू केलं.
मॅनेजरने केक आणला. लोक दोन स्पीकरांच्या मधे
खुर्च्या सरकवून बसले, डोळे मिटून,
म्हणाले, काय रुंद आवाज,
माणूस भिंतभर पसरलाय!
रेइनो दारात, हातात बशी.
त्याला काहीच रुंद नव्हतं.

दहा वाजून अकरा मिनिटांनी फोन. एव्हलेथहून.
फ्रान्चिश्का झगार, वय विचारू नये असा आवाज.
"तुमच्या माणसाचे ओठ हलतात. शब्द नाहीत.
सुरुवातीचं संगीत आलं, पण लांबून,
विहिरीतून आल्यासारखं.
माझा सेट मेला की मी बहिरी झाले,
तेवढं सांगा. मग झोपते."

जुना डबा असेल, मॅनेजर म्हणाला.

रेइनोने बशी ठेवली.
स्कोपवर कुणीतरी कोट टाकलेला, तो उचलला.
हिरवी रेघ. एकटा माणूस बोलत असला
की ती उजवीकडे कलायला हवी.
ती डावीकडे कलली होती,
ताठ, शांत, पुरती उलटी.

म्हणजे एकच आवाज दोन तारांनी निघाला,
एकीत चढत होता तेव्हा दुसरीत उतरत होता,
आणि एव्हलेथच्या एकुलत्या भोंग्यात
दोघे भेटले,
आणि कुणीच उरलं नाही.

रॅकमागे, टॉर्च दातांत.
तीन पिनांचा प्लग. दोनची तार तीनला, तीनची दोनला.
पहाटे चारला दिलेला डाग, सुबक, चकाकता.
माझा.
रेइनोने तो ओळखला. तो असे सुबक डाग देत नसे.
बोलला काहीच नाही.

फोन टेबलावर तसाच उघडा. त्यातून
तिच्या घरातलं घड्याळ, तिचा श्वास,
खुर्चीची करकर.
त्याने दुसरी केबल खुपसली.
आणि आम्ही ऐकलं:
एव्हलेथच्या एका स्वयंपाकघरात
आमचा माणूस अर्ध्या वाक्यातून बोलू लागला.
टेकडीवरून साठ मैल जाऊन
फोनच्या तारेने परत आमच्याच खोलीत,
बारीक, एकेरी.

"आता?" रेइनोने विचारलं, चांगला कान पुढे करून.
"आता बोलतोय," ती म्हणाली.
"उद्या बर्फ नाही म्हणे. ह्याला काय कळतंय!"

केकचे दोन तुकडे उरले होते.
त्याने मोठा माझ्याकडे सरकवला.