न घेतलेले

मे महिन्यात चोपड्याच्या कॉलेजात,
ग्रंथालयामागच्या खोलीत, एकच वस्तू गार असते:
स्कॅनरची काच.
तिच्यावर पालथी पडतात
एकोणसत्तरपासूनची हस्तलिखित वार्षिकं,
आणि यशोदा बारेला, दुसऱ्या वर्षाची,
दर पानाआधी ओढणीला बोटं पुसते.

मला बोलावलंय सल्लागार म्हणून.
म्हणजे कूलरसमोरची खुर्ची
आणि जुनी अक्षरं ओळखणं.
हा भंगाळ्यांचा मधू. ही विमल,
तिचा र कायम पाय दुमडून बसायचा.
यशोदा टाइप करते. फाइलीला नाव, नावाला साल.

दुपारी कळण्याची भाकर खाऊन झाल्यावर
तिनं कपाटाच्या तळातून एक गठ्ठा ओढला.
सुतळी, सुतळीखाली चिठ्ठी: न घेतलेले.
"हे पण करायचं, सर?"
मी म्हणालो, लाइट आहे तोवर महत्त्वाचं उरकून घे.
तिनं सुतळी सोडली.

सुपडू ओंकार कोळी, एफ. वाय., एक्याऐंशी.
निळी शाई, पट्टीनं आखलेला समास:

मनी माय जिनिंगमा जास.
तिना केसमा कापूस ऱ्हास,
म्हनीसन ती आतेच म्हतारी दिखस.

त्यावर लाल.
मनी खोडून माझी. माय खोडून आई.
पुढं शब्द खोडायचाही कंटाळा,
पानभर एकच तिरपी रेघ,
आणि कोपऱ्यात: भाषा शुद्ध करून परत आणणे.

तो परत आला नाही.
चेहरा तरी आठवायला हवा होता.
चपला दाराबाहेर काढून आत येणारी पोरं
तेव्हा पुष्कळ होती.

मी म्हणालो, ही पानं ग्रेस्केलमध्ये घे, फाइल हलकी होते.
खोटं नव्हतं ते.
तिनं घेतलं. पडद्यावर निळं करडं झालं,
लालही करडं,
जणू सुपडूनंच लिहिलं
आणि सुपडूनंच खोडलं.

यशोदा बघत राहिली. मग डिलीट.
पुन्हा काच, पुन्हा तो उजेड, या वेळी रंगीत.
फाइल तिप्पट फुगली.
"लिहिलं कोणी आणि खोडलं कोणी,
हे येगळं दिसायला पाहिजे ना, सर."

मग मजकूर टाइप करायला बसली.
घरी तिची बोली तिसरीच,
अहिराणी तिनं बाजाराच्या दिवशी ऐकून उचललेली,
तरी एकेक शब्द ओठांवर घोळवून घेत होती.
मशीन प्रत्येकाखाली लाल रेघ ओढत गेलं:
मनी, जिनिंगमा, तिना, दिखस.
फक्त ऱ्हास तेवढा सोडला.
तो त्याच्या कोशात होता.
सुपडूच्या ओळीत तो राहण्याचा शब्द,
आमच्या पुस्तकात संपण्याचा.
चाळीस वर्षं मराठी शिकवली मी,
हे दोन शब्द कधी शेजारी बसवून पाहिले नाहीत.

खालची चौकट राहिली होती.
लेखक, तिनं भरलं.
संपादक, आणि कर्सर लुकलुकत ठेवला.
"हे लाल अक्षर कोणाचं, सर?
तुम्ही तर सगळी ओळखता."

कूलरमधलं पाणी संपलं होतं, नुसता पंखा खडखडत होता.
मी नाव सांगितलं.
तिनं मान वर न करता टाइप केलं,
वेलांटी एकदा विचारली.
मशीननं माझ्या आडनावाखालीही
लाल रेघ ओढली.

"राहू द्यायची?"
राहू दे, म्हणालो.
गठ्ठ्यात अजून बावीस पानं होती.